रिलेतली पहिली उडी आणि मेरिटचं घड्याळ

(पदव्युत्तर आणि पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गाचा विषय ‘मेरिट’ आहे आणि मी बोलणार आहे महिलांच्या पोहण्याच्या शर्यतीबद्दल. पण मेरिट मोजायचं कसं, याबद्दल या खेळाच्या नियमांत एक साधा नियम आहे. तो आपल्या विद्यापीठांनी अजून शिकलेला नाही. म्हणून हा विषय निवडला.

२०१७ साली बुडापेस्टला जागतिक जलतरण स्पर्धा झाली. २३ जुलैला महिलांच्या ४ बाय १०० मीटर फ्रीस्टाइल रिलेची अंतिम फेरी होती. चौघीजणी, प्रत्येकीने शंभर मीटर पोहायचं. अमेरिकेच्या मॅलरी कोमरफर्ड, केल्सी वॉरेल, केटी लेडेकी आणि सिमोन मॅन्युएल यांनी ३ मिनिटं ३१.७२ सेकंदांत सुवर्णपदक जिंकलं. ऑस्ट्रेलियाला ३ मिनिटं ३२.०१ सेकंद लागले. चारशे मीटरनंतर फरक फक्त ०.२९ सेकंदाचा. शेवटचा टप्पा सिमोन मॅन्युएलने ५२.१४ सेकंदांत पार केला. ती कृष्णवर्णीय आहे, आणि अमेरिकेत पोहण्याच्या तलावाच्या संदर्भात ही साधी गोष्ट नाही. त्याकडे मी येतोच.

पाच दिवसांनी मॅन्युएलने १०० मीटरची वैयक्तिक शर्यतही जिंकली, ५२.२७ सेकंदांत. हा अमेरिकेचा राष्ट्रीय विक्रम म्हणून नोंदला गेला. आता नीट बघा. रिलेत ती ५२.१४ मध्ये पोहली होती, म्हणजे जास्त वेगाने. मग विक्रम ५२.२७चा कसा?

कारण रिलेत फक्त पहिल्या खेळाडूची वेळ वैयक्तिक विक्रमासाठी धरतात. पहिली मुलगी ब्लॉकवर स्थिर उभी असते. शिटी, इशारा, मग उडी. इशारा ऐकून पाय सुटेपर्यंत अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो आणि तो तिच्या खात्यात धरला जातो. पुढच्या तिघींचं तसं नसतं. आपली सहकारी भिंतीकडे येताना त्यांना दिसत असते. त्या हात फिरवून, शरीर पुढे झोकून तयार असतात. सहकारी भिंतीला शिवेपर्यंत पाय ब्लॉकवर टेकलेले असले की झालं. यात साधारण अर्धा सेकंद वाचतो.

म्हणूनच त्या दिवशी स्वीडनच्या सारा शोस्ट्रॉमने पहिल्या टप्प्यात ५१.७१ सेकंदांची वेळ दिली, तेव्हा तो १०० मीटरचा जागतिक विक्रम ठरला. तिच्या संघाला पदकही मिळालं नाही, तरी विक्रम तिचाच.

हा नियम पुढच्या तिघींना फसव्या म्हणत नाही. त्यांचं पदक काढून घेत नाही. त्यांच्या कष्टांवर शंकाही घेत नाही. तो एवढंच म्हणतो की चालत्या अंगाने मिळालेली सुरुवात आणि थांबलेल्या जागेवरून घेतलेली उडी एकाच रकान्यात लिहायची नाही.

आता आपल्याकडे या. ज्याच्या आजोबांनी वकिली केली, वडिलांनी प्राध्यापकी केली, ज्याच्या घरात पुस्तकांचं कपाट त्याच्या जन्माआधीपासून होतं, तो मुलगा प्रवेश परीक्षेला बसतो. त्याच्या शेजारी तुम्ही बसता. तुमच्या घरात फॉर्म भरताना ‘वडिलांचे शिक्षण’ या रकान्यापाशी पेन थांबतं. दोघांच्या गुणांत चार-पाचचा फरक पडतो आणि त्या फरकाला मेरिट असं नाव मिळतं. पोहण्याचं घड्याळ सेकंदाचा शंभरावा भाग मोजतं, तरी सुरुवात कशी झाली हे विचारतं. आपली गुणवत्ता यादी तीन पिढ्यांचा फरक गिळून टाकते आणि काहीच विचारत नाही.

पण ब्लॉकवर उभं राहण्याआधी तलावात उतरू देतात का, हा प्रश्न असतो. अमेरिकेत तो रक्ताचा प्रश्न होता. १९१९च्या जुलैमध्ये शिकागोत मिशिगन सरोवरात पोहणारा युजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा गोऱ्यांच्या बाजूकडे वाहत गेला. एका गोऱ्या माणसाने दगड मारले आणि तो मुलगा बुडून मेला. त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसं मारली गेली. १९६४ मध्ये फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनला आंदोलक एका मोटेलच्या तलावात उतरले, तेव्हा मालकाने पाण्यात अ‍ॅसिड ओतलं. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराने तर सर्वांना एकत्र पोहू देण्यापेक्षा सार्वजनिक तलाव बंदच करून टाकले. १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हे चालवून घेतलं. म्हणे, तलाव सगळ्यांनाच बंद आहेत, मग भेदभाव कुठे?

हे ऐकताना महाड आठवल्याशिवाय राहत नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि नंतर सवर्णांनी गोमूत्र-शेणाने तळं ‘शुद्ध’ केलं. जात आणि वंश एकच नाहीत, पण दोन्हीकडे माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटतं. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं, ते या दोन लढ्यांचं नातं ओळखूनच.

तलाव बंद झाले, तेव्हा खाजगी क्लब वाढले. पोहणं, प्रशिक्षक आणि स्पर्धा तिकडे गेल्या. मग दोन पिढ्यांनी म्हणायचं, ‘काळ्या लोकांना पोहण्यात रसच नाही.’ आधी दार लावायचं आणि मग आत न आलेल्याला आळशी म्हणायचं, ही युक्ती आपल्या ओळखीची आहे.

या पार्श्वभूमीवर त्या देशाच्या महिला रिले संघांची नावं वाचा. २००४, अथेन्स. मारित्झा कोरेया ही अमेरिकेच्या ऑलिम्पिक जलतरण संघात निवडलेली पहिली कृष्णवर्णीय महिला. ती ४ बाय १०० फ्रीस्टाइल रिलेच्या प्राथमिक फेरीत पोहली. अंतिम फेरीत ती नव्हती, पण प्राथमिक फेरीत पोहणाऱ्यांनाही पदक मिळतं, म्हणून रौप्यपदक तिचंही. २०१२, लंडन. लिया नील अंतिम फेरीत पोहली, कांस्य. २०१६, रिओ. सिमोन मॅन्युएलला रिलेत रौप्य आणि १०० मीटरमध्ये सुवर्ण. पोहण्यात वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय महिला. २०२१ मध्ये टोकियोच्या अंतिम फेरीत मॅन्युएलसोबत नॅटली हाइंड्सही होती.

कोरेयाचा टप्पा फार थोड्यांना आठवतो. अंतिम फेरीचं चित्रीकरण होतं, सकाळच्या प्राथमिक फेरीचं कोण बघतं? पण ती फेरी पार झाली नाही, तर अंतिम फेरीत लेनच मिळत नाही. आपल्या घरातही प्राथमिक फेरी पोहलेली माणसं आहेत. बोर्डिंगात राहून सातवीपर्यंत पोचलेला चुलता असेल, नाहीतर भावाच्या फीसाठी शाळा सोडलेली आत्या. पदवीदान समारंभाच्या फोटोत ती नसतात.

मात्र एका पदकाने तलाव भरत नाही. मॅन्युएलच्या सुवर्णानंतरच्या वर्षी, २०१७ मध्ये, अमेरिकेच्या जलतरण संघटनेच्या फाउंडेशनने अभ्यास प्रसिद्ध केला. ६४ टक्के कृष्णवर्णीय मुलांना पोहता येत नव्हतं किंवा जेमतेम येत होतं. गोऱ्या मुलांत हे प्रमाण ४० टक्के. आणि आई-वडिलांना पोहता येत नसेल, तर मूल पोहायला शिकण्याची शक्यता फक्त १९ टक्के. हा आकडा वाचून मी थांबलो, कारण यात ‘पोहणं’च्या जागी ‘कॉलेज’ लिहिलं, तर आपलीच गोष्ट होते.

नियम बनवणारे कोण, हाही प्रश्न उरतोच. २०२१ मध्ये कृष्णवर्णीय महिलांच्या दाट केसांसाठी बनवलेली ‘सोल कॅप’ ही टोपी जागतिक महासंघाने नाकारली. डोक्याच्या नैसर्गिक आकाराला ती धरून नाही, असं कारण दिलं. नैसर्गिक डोकं कोणाचं धरायचं, हे आधीच ठरलेलं होतं. टीका झाली, मोहीम चालली, आणि २०२२ मध्ये त्याच टोपीला मान्यता मिळाली. नियम बदलतात, पण मागणी लावून धरावी लागते.

म्हणून साथींनो, दोन गोष्टी सांगून थांबतो. पहिली, आपल्या गुणांची लाज बाळगू नका. तुम्ही स्थिर ब्लॉकवरून उडी मारली आहे, आणि ती वेळ पूर्णपणे तुमची आहे. कोणी टोमणा मारला तर शांतपणे विचारा, तुमची सुरुवात कशी झाली होती?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपण भिंतीला शिवणार आहोत, तेव्हा पुढचं कोणीतरी ब्लॉकवर उभं असलं पाहिजे. वस्तीतल्या मुलीला कुठल्या परीक्षेचा फॉर्म कधी निघतो, संशोधन प्रस्ताव कसा लिहायचा, मुलाखतीत काय विचारतात हे आपण सांगितलं, तर तिचा अर्धा सेकंद वाचेल. पण प्रत्येक वस्तीला आपल्यातलं कोणी मिळणार नाही. म्हणून सरकारी वसतिगृह, वेळेवर शिष्यवृत्ती आणि आरक्षणाच्या रिकाम्या जागा भरणं, ही मागणी सोडायची नाही. ते आपले सार्वजनिक तलाव आहेत, आणि ते बंद होऊ द्यायचे नाहीत.

जय भीम.