बदली : एका शब्दाचा हिशेब



कॉलेजची पायरी मी चढलो नाही. कायदा शिकलो तो कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता. आज त्यातला एकच शब्द घेतो, आणि तो आपल्याच बोलीतला आहे : बदली.

शिक्षकाला बदली म्हटले की परगाव आठवते. गिरणी कामगाराला गिरणीचे फाटक आठवते. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी उभा राहतो तो बदली. जागा मिळाली तर मजुरी, नाहीतर डबा तसाच घरी. शाहू महाराजांच्या काळात, १९०६ साली उभारणीस लागलेली आपली शाहू मिल बंद पडली; शब्द मात्र टिकला.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हा देशी शब्द इंग्रजी मजकुरात जसाच्या तसा बसला. माल किंवा वीज नाही म्हणून मालकाने काम थांबवले, म्हणजे ले-ऑफ दिला, तर पन्नास किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात मूळ वेतन व महागाई भत्त्याची निम्मी रक्कम भरपाई मिळते. हंगामी कारखाने यातून वगळले आहेत आणि बदलीलाही ती मिळत नाही. पण व्याख्येचे शेवटचे अर्धे वाक्य वाचा : एक वर्षाची सलग सेवा झाली की या भरपाईपुरता तो बदली राहत नाही. कायम होण्याचा प्रश्न निराळा. त्यासाठी स्थायी आदेश पाहावे लागतात.

आता वर्ष म्हणजे काय? बारा महिन्यांत २४० दिवस काम. १९८५ साली अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवले की, पगारी रविवार आणि पगारी सुट्ट्याही यात धरायच्या. म्हणजे २०५ दिवस काम आणि ३५ पगारी सुट्ट्या, तरी हिशेब पुरा!

पण मस्टर मालकाच्या कपाटात असते. २००२ साली त्याच कोर्टाने सांगितले की २४० दिवस सिद्ध करण्याचा भार कामगारावर आहे; नुसते प्रतिज्ञापत्र पुरत नाही. अनेकांचा हक्क इथेच बुडतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. बदलीची व्याख्या तिच्यातही आहे. तेव्हा आपल्या घरात कोणी बदली असेल, तर पगाराची प्रत्येक चिठ्ठी जपा आणि कॅलेंडरवर रोजची खूण करा. हे काम आज रात्रीच सुरू करा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.