अजिंक्य रणगाडा आणि पेटीतले क्षेपणास्त्र

(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



इस्रायलचे नाव निघाले की आपल्याकडे जून १९६७ चे सहा दिवस आठवतात. त्या सहा दिवसांवर पुष्कळ बोलले गेले आहे, आणि ते कौतुक अनाठायीही नाही. पण आज मी त्यानंतर सहा वर्षांनी झालेल्या एकोणीस दिवसांविषयी बोलणार आहे. अजिंक्य म्हणून ख्याती पावलेले सैन्य नव्या शस्त्रापुढे कसे गोंधळते, माणसे आणि रणगाडे भराभर गमावत असतानाच कसे शिकते, आणि त्या शिक्षणाचे मोल कोण मोजते, हे समजून घ्यायचे असेल तर ऑक्टोबर १९७३ चे युद्ध बारकाईने पाहावे लागते.

१९६७ मध्ये इस्रायली विमानदलाने पहिल्याच सकाळी इजिप्तची बहुतांश लढाऊ विमाने जमिनीवरच नष्ट केली आणि रणगाडे सिनाईचे वाळवंट तुडवीत सुएझ कालव्यापर्यंत पोहोचले. त्यातून निष्कर्ष निघाला तो असा, की रणगाडा आणि विमान ही जोडी पुरेशी आहे. विमान हाच उडता तोफखाना. मग जमिनीवरील तोफखान्यावर आणि रणगाड्यांसोबत चालणाऱ्या पायदळावर पैसा कशाला खर्च करायचा? चिलखती तुकड्यांतील पायदळ आणि उखळी तोफा हळूहळू मागे पडल्या. हे मूर्खपणाचे होते असे मी म्हणणार नाही. राखीव सैनिकांवर उभ्या असलेल्या छोट्या देशाला युद्ध लवकर संपवणे भागच असते, कारण रणांगणावर गेलेला सैनिक हाच कारखान्यातला कामगार आणि शाळेतला शिक्षकही असतो. पण विजयाने शिकवलेला धडा कोणी पुन्हा तपासून पाहत नाही.

पराभूताला मात्र तो तपासावाच लागतो. इजिप्तचे सेनाप्रमुख साद अल शाझली आणि त्यांचे सहकारी यांनी एक कठोर सत्य मान्य केले. आपले वैमानिक त्यांच्या वैमानिकांना तोंड देऊ शकत नाहीत आणि खुल्या वाळवंटातील डावपेचांत आपले रणगाडे त्यांच्यापुढे टिकणार नाहीत. ज्या सैन्याला हे स्वतःशी बोलता येते ते अर्धे युद्ध तेथेच सावरते. त्यांनी हवाई बरोबरीचा हट्ट सोडला आणि कालव्याच्या काठी सोव्हिएत विमानवेधी क्षेपणास्त्रांचे छत्र उभारले. त्या छत्राखाली राहून, कालवा ओलांडून अवघे दहा-बारा किलोमीटर पुढे जायचे आणि तेथेच पाय रोवायचे, एवढीच योजना.

रणगाड्यांसाठी त्यांनी पायदळाच्या हाती एक पेटी दिली. तिच्यात होते रणगाडावेधी क्षेपणास्त्र. त्याचे रशियन नाव माल्युत्का, म्हणजे छोटेसे बाळ. पाश्चात्त्य जग त्याला सॅगर म्हणते. वाळूत पडलेला जवान एका छोट्या दांडीने ते उडत असताना वळवी. क्षेपणास्त्रामागे बारीक तार उलगडत जाई आणि त्या तारेतून आज्ञा पोहोचत. पल्ला तीन किलोमीटरपर्यंत. पाचशे मीटरच्या आत ते नीट वळवता येत नसे, म्हणून तेवढ्या अंतरासाठी खांद्यावरून डागायचे आरपीजी. शाझलींनी मागच्या तुकड्यांकडील अशी शस्त्रे काढून पहिल्या लाटेच्या हाती दिली. कालव्याच्या पूर्व काठावरील वाळूचा प्रचंड बांध फोडायला किमान एक दिवस लागेल, असा इस्रायलचा हिशेब होता. इजिप्तच्या अभियंत्यांनी पंपांनी कालव्याचेच पाणी मारून काही तासांत त्याला खिंडारे पाडली. ही कल्पना एका तरुण अभियंता अधिकाऱ्याची होती, हे मुद्दाम सांगतो.

६ ऑक्टोबरला दुपारी दोन वाजता, यहुद्यांच्या सर्वांत पवित्र उपवासाच्या दिवशी, दोन्ही सीमांवर एकाच वेळी हल्ला झाला. सिनाईतील रणगाडे सवयीप्रमाणे सरळ चालून गेले. समोर शत्रूचे रणगाडे नव्हतेच. वाळूत ठिपक्यांसारखी दिसणारी माणसे होती. दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत तेथील चिलखती विभागाचे निम्म्याहून अधिक रणगाडे निकामी झाले. ८ ऑक्टोबरचा प्रतिहल्लाही पुरेशा पायदळावाचून आणि तोफखान्यावाचून झाला आणि फसला. एक बटालियन कमांडर जिवंत शत्रूच्या हाती सापडला. मदतीला येणारी विमाने क्षेपणास्त्रांच्या छत्रात शिरून पडत होती. सीरियाच्या आघाडीवर ७ तारखेच्या एकाच मोहिमेत सहा फॅन्टम गेली.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. येथे पुढचा आणि मागचा यांच्यात काही तासांचेच अंतर होते. जे शिक्षण झाले ते सेनापतींच्या कक्षात झाले नाही. ते रणगाड्यातील रेडिओवर झाले. परतलेल्या रणगाड्यांवर बारीक तारा लोंबताना दिसल्या तेव्हा जवानांना कळले की हे क्षेपणास्त्र कोणीतरी हाताने वळवतो आहे. पूर्ण पल्ला गाठायला त्याला पंचवीस सेकंदांच्या आसपास लागतात. ते पंचवीस सेकंद हेच त्याचे मर्म. मग रीत बसली: एक जण क्षितिजावर नजर ठेवणार, धूर दिसताच रेडिओवर ‘क्षेपणास्त्र!’ अशी आरोळी देणार, रणगाडा वाकडातिकडा धावत उंचवट्याआड जाणार, आणि बाकीचे त्या दिशेला मशीनगनचा भडिमार करणार. डागणारा जवान क्षेपणास्त्रापासून काही मीटर दूर दडलेला असे, त्यामुळे गोळी त्याला लागेलच असे नव्हे. ती लागण्याची गरजही नसे. कानाजवळून गोळ्या जाऊ लागल्या की दांडी धरलेला हात स्थिर राहत नाही. मग उखळी तोफा आणि चिलखती गाड्यांतील पायदळ यांची पुन्हा आठवण झाली. ज्यांना सहा वर्षे मागे ठेवले होते त्यांनाच पुढे बोलवावे लागले.

गोलान टेकड्यांवर प्रश्न निराळा होता. तेथे झीज हाच शत्रू होता. सीरियाचे सुमारे १,४०० रणगाडे आणि समोर १८० च्या आसपास. तेथे लढाई तगली ती दुरुस्ती पथकांमुळे. फुटलेले रणगाडे रात्री मागे ओढायचे, आतील रक्त धुवायचे, दुरुस्त करायचे आणि निरनिराळ्या तुकड्यांतून उरलेली माणसे त्यांत बसवून सकाळी परत पाठवायचे. योसी बेन हनान हा अधिकारी तेव्हा नवपरिणीत पत्नीसह नेपाळमध्ये होता. तो धावत परतला. अशाच दुरुस्त झालेल्या दहा-बारा रणगाड्यांत मिळेल ती माणसे बसवून तो ९ तारखेला आघाडीवर पोहोचला. सातव्या ब्रिगेडकडे तोवर मोजकेच रणगाडे उरले होते. त्यानंतर थोड्याच वेळात सीरियन सैन्य मागे वळले. आपल्याकडे सैन्याची ताकद मोजताना रणगाडे मोजतात. वर्कशॉपमधले फिटर कोणी मोजत नाही.

१४ ऑक्टोबरला इजिप्तने, शाझलींचा विरोध डावलून, आपले छत्र सोडून पुढे धाव घेतली आणि एका दिवसात दोनशेहून अधिक रणगाडे गमावले. मग इस्रायलने कालवा ओलांडला. त्या वाटेवर ‘चायनीज फार्म’ म्हणून ओळखली जाणारी जागा होती. (तेथील प्रायोगिक शेतीची यंत्रे जपानी, अक्षरे पाहून सैनिकांनी ती चिनी ठरवली.) तेथे एका छत्रीधारी बटालियनने एका रात्रीत चाळीसच्या आसपास जवान गमावले. पलीकडे गेलेल्या रणगाड्यांनी आधी काय केले? क्षेपणास्त्रांचे तळ शोधून उडवले. विमानांनी रणगाड्यांची वाट मोकळी करायची, हा सिद्धान्त होता. प्रत्यक्षात रणगाड्यांनी विमानांना आकाश मोकळे करून दिले.

युद्ध थांबले तेव्हा सुमारे शंभर विमाने गेली होती. दारूगोळ्याचा खप इतका झाला की अमेरिकेच्या विमानांनी २२ हजार टनांहून अधिक सामग्री आणून दिली. जेमतेम ३३ लाखांच्या देशाचे २,६०० हून अधिक सैनिक कामी आले. आपल्या कोकणातून गेलेले, घरात मराठी बोलणारे बेने इस्रायली त्या देशात आहेत. सक्तीची सैनिकी सेवा त्यांच्याही मुलांना चुकलेली नाही. विजयी म्हणवणाऱ्या त्या देशाने चौकशी आयोग नेमला आणि १९७४ मध्ये सरसेनापती डेव्हिड एलझार यांना पद सोडावे लागले. एलझार यांच्यावर सगळा ठपका ठेवणे न्याय्य होते असे मला वाटत नाही. राजकीय नेतृत्व तुलनेने सहज सुटले. पण आयोगाने फाइली उघडल्या, हे खरे.

पुढे इस्रायलने मर्कावा रणगाडा बांधला. त्याचे इंजिन पुढे ठेवले, म्हणजे मारा झाला तर आधी लोखंड जाईल, मग माणूस. आणि त्याला उखळी तोफही दिली. जून १९८२ मध्ये लेबनॉनच्या बेका खोऱ्यात वैमानिकरहित विमाने पाठवून सीरियाची रडारे उघडी पाडली आणि क्षेपणास्त्रांचे १९ पैकी बहुतेक तळ एका दिवसात नष्ट केले. नऊ वर्षांपूर्वीच्या शंभर विमानांचे ते उत्तर होते.

आणि तरीही ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, त्या युद्धाला पन्नास वर्षे आणि एक दिवस झाला असता, गाझाच्या कुंपणावरील कॅमेरे आणि यंत्रचलित बंदुका बाजारात मिळणाऱ्या ड्रोनमधून टाकलेल्या स्फोटकांनी आंधळ्या केल्या गेल्या. सर्वांत आधुनिक कुंपणामागे माणसे पुन्हा थोडी ठेवली होती.

युक्रेनमध्ये २०२२ पासून हाच खेळ अधिक वेगाने चालला. रणगाड्यांवर लोखंडी पिंजरे चढले, रस्त्यांवर जाळी टांगली गेली. ड्रोनचा रेडिओ बंद पाडणारी यंत्रे आली तेव्हा काही काळ रणगाडेवाल्यांना हायसे वाटले. मग २०२४ मध्ये दोन्ही बाजूंनी असे ड्रोन मोठ्या प्रमाणावर उडू लागले ज्यांना रेडिओ लागतच नाही. त्यांच्यामागे बारीक काचतंतूची तार उलगडत जाते, आणि दूर खंदकात बसलेला जवान त्या तारेतून त्यांना वळवतो. तेथील शेतांत आता अशा तारांची जाळी पसरलेली दिसते.