उंबऱ्याबाहेरची वस्तीहि आपलीच

(खडवली येथें रहिवाशांच्या सभेंत केलेलें भाषण)



या सभेला कोणी शेतावरून, कोणी कामावरून, तर कोणी कसारा लोकलमधून उतरून थेट आलेले आहेत. म्हणून आम्ही पाल्हाळ लावीत नाहीं. प्रश्न एकच आहे. आपण राहतों ती वस्ती सुधारावयाची कोणीं? आमचें उत्तर असें कीं, आरंभ आपण करावयाचा. पण सगळा भार मात्र आपण एकट्यांनीं वाहावयाचा नाहीं. यांतला पहिला भाग विसरलों तर वस्ती कुजते, आणि दुसरा विसरलों तर गरीब नागवला जातो. हे दोन्ही भाग एकत्र कसे चालवावे, तेवढेंच आज सांगावयाचें आहे.

खडवली आज धड गांव नाहीं आणि धड शहरहि नाहीं. कल्याणहून वाशिंदपर्यंत आगगाडी १८५५ सालीं सुरू झाली, तेव्हांपासून हा टापू मुंबईच्या दावणीला बांधला गेला. मुंबईंत खोली परवडेना म्हणून माणूस कल्याणला आला. कल्याणला परवडेना म्हणून टिटवाळ्याला, आणि तेथून पुढें इकडे आला. ज्याचें शेत होतें त्यानें तुकडा विकला. ज्याच्या गांठीं पैसा होता त्यानें चाळ उठवली. ज्याच्याजवळ दोन हातांखेरीज कांहीं नव्हतें त्यानें भाड्याची खोली धरली. खोल्या झाल्या, पण खोल्यांमागें गटार झालें नाहीं. टिटवाळा महानगरपालिकेंत, आणि आम्ही ग्रामपंचायतींत. म्हणजे गर्दी शहराची आणि तिजोरी गांवाची! शेजारून भातसा वाहते. भातसा धरणाचें पाणी पिसे येथें उचलून मुंबईच्या नळांना जातें, आणि ज्या शहापूर तालुक्यांत हें धरण आहे तेथल्या पाड्यांवरच्या बायांना उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. पावसाळ्यांत सहलीची मंडळी नदीवर येतात, मौज करून जातात आणि बाटल्या व पत्रावळी मागें ठेवून जातात. हा अन्याय खरा आहे. पण अन्याय खरा असला म्हणून आपल्या दारांतलें डबकें आपोआप आटत नाहीं. त्यांतल्या डासाला मालक कोण आणि भाडेकरी कोण हें कळत नाहीं.

आमच्या मायबहिणी पहांटे उठून घर झाडून लख्ख करतात. परंतु केर उंबऱ्याबाहेर पडला कीं तो कोणाचाच राहत नाहीं. असें कां होतें? आमच्या मतें याचें मूळ आळसांत नाहीं, आपल्या जुन्या व्यवस्थेंत आहे. बाहेरची घाण काढणें हें अमक्या जातीचें काम, असें शेंकडों वर्षें ठरवून टाकल्यामुळें बाकीच्यांस बाहेरची जागा आपली वाटेनाशी झाली. ज्यानें झाडलें तो हलका ठरला, आणि ज्यानें घाण केली तो थोर ठरला! हें उलटें गणित सोडविल्याखेरीज वस्ती सुधारणार नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, आणि पुढें १८७६ पासून कांहीं वर्षें ते पुणें नगरपालिकेंत सभासद म्हणून बसले. आधीं स्वतःच्या दारीं करून दाखविलें, मग कचेरींत जाऊन जाब विचारला. आपल्यालाहि हाच क्रम धरावयाचा आहे. परिटाच्या घरीं जन्मलेल्या गाडगेबाबांनीं गांवांत पाऊल ठेवतांच खराटा हातीं घ्यावा आणि रात्रीं कीर्तनांत लोकांना प्रश्न विचारून जागें करावें, ही त्यांची रीत होती. सरकारनें २००० सालापासून त्यांच्या नांवानें ग्रामस्वच्छतेचें अभियान चालविलें. अभियानाचे फलक रंगतात आणि पुसटहि होतात. खराटा मात्र कोणीतरी रोज धरावा लागतो.

आतां एका सुताराची हकीकत ऐका. जोकिन अर्पुतम् हे कोलारकडचे. साठ सालानंतर पोट भरण्यासाठीं मुंबईंत आले, सुतारकाम करूं लागले आणि मानखुर्दच्या जनता कॉलनींत राहिले. वस्तींत कचऱ्याचे ढीग, आणि तो उचलावयास कोणी येत नसे. या तरुणानें पोरें जमविलीं. प्रत्येकानें थोडा थोडा कचरा कागदांत बांधून घेतला आणि सगळ्यांनीं मिळून तो महानगरपालिकेच्या कचेरीपुढें नेऊन टाकला. कचेरीला वस्तीची दखल घ्यावी लागली. ही नुसती खोडी नव्हती. वस्तीनें कचरा गोळा करण्याचें आपलें काम केलें, आणि तो वाहून नेण्याचें काम ज्याचें होतें त्याच्या दारांत नेऊन ठेवलें.

पण पुढचें ऐकल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाहीं. १९७६ सालीं आणीबाणींत ती जनता कॉलनी सरकारनें उठविली, आणि लोकांना चिता कॅम्पवर नेऊन सोडलें. मग इतकी धडपड फुकट गेली काय? घरें गेलीं, हें खरें. पण माणसें जमलेलीं होतीं, तीं जमलेलींच राहिलीं. जोकिन यांनीं झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ उभा केला. १९८५ सालीं मुंबईच्या पदपथांवरील कुटुंबांची मोजदाद लोकांच्याच मदतीनें झाली, आणि १९८६ सालीं भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या बायांनीं 'महिला मिलन' सुरू केलें. ज्यांना सरकार मोजीत नव्हतें त्यांनीं स्वतःला मोजलें! २००० सालीं जोकिन यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१८ सालीं ते वारले, पण काम थांबलें नाहीं.

याच बायांचें काम पुण्यांतहि झालें. १९९९ पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत पुणें महानगरपालिकेनें वस्त्यांतून शेंकडों सार्वजनिक शौचालयें बांधविलीं. त्यांतील बऱ्याच ठिकाणीं आंखणीपासून देखरेखीपर्यंत वस्तींतल्या बायांचा हात होता. पूर्वीचीं शौचालयें ठेकेदार बांधी आणि निघून जाई. आंत पाणी नसे, दाराला कडी नसे. थोड्याच दिवसांत तीं कोणी वापरीनासें होई. बायांनीं आपली अडचण सांगितली. बायांची बाजू निराळी हवी. लहान पोरांसाठीं लहान भांडीं हवींत, म्हणजे तीं भिणार नाहींत. पाण्याची टाकी हवी. राखणदाराला वर राहण्यास खोली हवी, म्हणजे जागा राखली जाईल. दर कुटुंबानें महिन्याला ठरलेली लहानशी रक्कम द्यावी, आणि त्यांतून देखभाल चालावी. बांधकामाचा खर्च पालिकेचा, देखभाल वस्तीची. अशी वांटणी आधींच ठरली म्हणजे दोघांनाहि अंग काढून घेतां येत नाहीं.

आतां एक सावधगिरीचा इशारा देतों. 'लोकांनीं जबाबदारी घ्यावी' हें वाक्य आजकाल मोठमोठ्या लोकांच्या तोंडीं फार आहे. बंगल्यांत राहणाऱ्याला कोणी म्हणत नाहीं कीं, आपलें गटार आपण खणा. तें फक्त चाळीला सांगतात! आपण घरपट्टी भरतों, पाणीपट्टी भरतों, काडीपेटी घेतली तरी कर भरतों. तेव्हां गटार, नळ, दिवा हीं भीक नव्हे. श्रमदान करावें, परंतु त्या श्रमदानाच्या आड कोणाचें चुकलेलें काम झाकूं नये. आपल्या ठाण्यांतच १८४८ सालीं जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणीकामगारांच्या सुमारें साडेपांच हजार सह्या जमवून अर्ज केला, आणि १८९० सालीं गिरणीकामगारांना रविवारची सुटी मिळाली. सहा वर्षें लागलीं. ज्यांना पुढच्या आठवड्यांत गटार हवें असेल त्यांनीं हा आंकडा लक्षांत ठेवावा.

तर मग उद्यांपासून करावयाचें काय?

पहिलें काम मोजणीचें. चाळीचाळींतून घरें किती, नळ किती, शौचालयें किती, सांडपाणी कोठें जातें, हें शाळेंत शिकणाऱ्या आपल्या मुलांकडून वहींत लिहून घ्या. वही असली म्हणजे कचेरींतला बाबू टोलवाटोलवी करूं शकत नाहीं.

दुसरें, ओला कचरा आणि सुका कचरा घरांतच निराळा करा. ओल्याचा खड्डा करा, परसांतल्या भाजीला खत होईल. जेथें गटार नाहीं तेथें शोषखड्डा घ्या, पण विहिरीपासून दूर.

तिसरें, ग्रामसभेला जा. वर्षांतून किमान चार ग्रामसभा झाल्या पाहिजेत, आणि त्यांच्या आधीं महिलांची सभा झाली पाहिजे. आपली मागणी ठरावांत लिहून घ्या. पैसा कोठें गेला तें कळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यानें दहा रुपयांत अर्ज करतां येतो, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावें लागतें.

चौथें, मैल्याची टाकी साफ करण्यास माणूस आंत उतरवूं नका. २०१३ च्या कायद्यानें हें बंद आहे. यंत्राची गाडी बोलवा, वर्गणी काढा. चार पैसे वांचविण्यासाठीं कोणाच्या लेकराचा बाप घालवूं नका.

पांचवें, झाडण्याची पाळी लावा, आणि त्या पाळींत पुरुषांचीं नांवें आधीं लिहा. घरचें झाडणें बायांवर आहेच. वस्तीचेंहि त्यांच्याच डोक्यावर टाकाल तर ती सुधारणा कसली?

हें सारें करतांना आडवें येईल तें आपलें आपसांतलें भांडण. जुना गांवकरी म्हणेल, हे उपरे आले आणि घाण झाली. भाडेकरी म्हणेल, घर मालकाचें, मला काय त्याचें? मालक म्हणेल, मी तर येथें राहतच नाहीं. आगरी, कुणबी, कातकरी, परप्रांतांतून आलेला कारागीर, ज्याचा त्याचा कोंडाळा निराळा. पण सांडपाणी जात विचारून वाहत नाहीं. ज्या चाळींत भाडेकऱ्याला सभेंत बोलूं देत नाहींत ती चाळ कधींहि स्वच्छ राहणार नाहीं, हें आम्ही स्पष्ट सांगतों. आणि जो मालक भाडें घेतो त्यानें गटाराचा वांटा दिलाच पाहिजे; हें त्याला सगळ्यांनीं मिळून, एका तोंडानें सांगावें.

गांव करी तें राव काय करी, असें आपल्यांत म्हणतात. आजच्या सभेंतून उठतांना टाळ्या वाजवूं नका. दर चाळींतून एक बाई आणि एक पुरुष पुढें यावा, आपलें नांव सांगावें, आणि मोजणीची वही कोणाच्या घरीं राहील तें येथेंच ठरवावें. नांवें लिहून झाल्याखेरीज सभा संपवूं नये, अशी आमची अध्यक्षांस विनंति आहे.