हजेरीपटावर आपलें नांव आहे कां?

(नालासोपारा येथें कामगार व कारागीर कुटुंबांच्या सभेंत झालेलें भाषण)



ज्या सोपाऱ्यांत आज आपण जमलों आहों, त्यास परदेशी मालाची ओळख नवी नाहीं. दोन हजार वर्षांपूर्वीं हें शूर्पारक बंदर होतें. येथें गलबतें लागत, माल उतरे आणि माल चढे. तेव्हां परदेशी माल येतो हेंच पाप, असें मी म्हणत नाहीं. माझा प्रश्न एवढाच, कीं त्या मालामुळें ज्याच्या हातचें काम जातें, त्याच्या चुलीचें काय?

पेल्हार, वालीव, सातिवली, गोखिवरे या बाजूच्या गाळ्यांतून जो राबतो त्याला हा प्रश्न समजावून देण्याची गरज नाहीं. बाहेरचा स्वस्त माल बाजारांत आला, कीं मालक आधीं जादा पाळी बंद करतो, मग ठेकेदाराचीं माणसें कमी करतो, आणि एके सकाळीं गाळ्याला कुलूप दिसतें. मग माणूस विचारतो, सरकार कांहीं देतें कां? देतें, पण कोणास देतें, तें नीट ऐका.

आधीं मागची गोष्ट. शंभर वर्षांपूर्वीं जपानी सूत व कापड मुंबईच्या बाजारांत स्वस्त विकूं लागलें, तेव्हां गिरणीमालक सरकारच्या दारीं गेले. १९३० सालीं कायदा झाला. विलायती कापडावर १५ टक्के आणि इतर परदेशी कापडावर २० टक्के जकात बसली; १९३३ सालीं जपानी कापडावर ती ७५ टक्क्यांपर्यंत चढली. मालकास जकातीची भिंत मिळाली. कामगारास काय मिळालें? थोड्या माणसांकडून अधिक साचे चालवून घेण्याची युक्ति आणि पगारांत कपात! याच दुखण्यापायीं १९२८ सालीं गिरणगांव सहा महिने संपावर होतें आणि १९३४ सालीं पुन्हां संप झाला. बेकार झालेल्यास भत्ता देणारा कायदा तेव्हां नव्हता.

आज काय आहे? १९७५ च्या जकात कायद्यांत, परदेशी व्यापारी पडेल भावानें माल लोटीत असेल तर त्यावर जादा जकात बसविण्याची तरतूद आहे. देशी धंद्यास किती इजा झाली हें ठरवितांना रोजगार व मजुरी यांवर काय परिणाम झाला तेंहि पाहावें, असें १९९५ चे नियम सांगतात. वाहवा! आमची बेकारी मालकाच्या अर्जाला पुरावा म्हणून जोडावयाची, आणि जकात बसली कीं लाभ मालकाच्या दारीं!

अमेरिकेसारख्या भांडवलवाल्या देशानें १९६२ सालीं निराळा कायदा केला. परदेशी मालामुळें काम गेलें असें दाखविल्यास कामगारास भत्ता व नव्या धंद्याचें शिक्षण मिळे. पुढें तर तीन कामगारांनीं मिळून अर्ज केला तरी चाले. १ जुलै २०२२ पासून तेथेंहि नवे अर्ज मंजूर होणें थांबलें, हें खरें. पण हक्क मागतां येतो, एवढें तरी त्यांनीं दाखविलें. आपल्याकडे खास परदेशी मालाच्या फटक्यासाठीं असा कायदा नाहीं.

आपल्याकडे जें होतें त्याचा अनुभव गिरणगांवास आहे. तेथून उठून नालासोपारा-विरारकडे आलेलीं घरें या सभेंतहि असतील. १९८२ चा संप परदेशी मालामुळें झाला नव्हता. पण मदतीची अट कशी असते, हें त्यावरून कळतें. १९८६ सालीं केंद्र सरकारनें कापड कामगारांसाठीं पुनर्वसन निधि काढला. पहिल्या वर्षीं मजुरीच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षीं ५०, तिसऱ्या वर्षीं २५. ऐकावयास गोड! पण गिरणी ६ जून १९८५ नंतर कायम बंद झालेली असावी, नोकरी सलग पांच वर्षांची असावी, प्रॉव्हिडंट फंड कापलेला असावा. संपांत १९८३ सालीं ज्याची नोकरी गेली तो बाहेर. जेथें भोंगा थांबला पण कागदोपत्रीं गिरणी ‘कायम बंद’ झाली नाहीं, तेथील कामगार बाहेर. बदलीवाला, ज्याचीं वर्षें सलग भरलीं नाहींत, तोहि बाहेर. भूक सर्वांची सारखी. दप्तर मात्र निराळें. ती योजना २०१७ सालीं संपली.

आतां राज्य विमा योजनेंतील सभासदांसाठीं २००५ सालची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना व २०१८ सालची अटल योजना आहे. पहिली कारखाना बंद पडल्यास किंवा कपात झाल्यास भत्ता देते. दुसरी जास्तींत जास्त नव्वद दिवसांची, आणि तीहि मुदतीची. मुदत चालू आहे कीं नाहीं तें विम्याच्या कचेरींत विचारून घ्यावें. कपात झाल्यास दर पुऱ्या वर्षामागें पंधरा दिवसांचा पगार हा जुना हक्क आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणें नवें कसब शिकण्यासाठीं आणखी पंधरा दिवसांचा पगार मालकानें भरावयाचा आहे. पण या सर्वांची किल्ली एकच: तुमचें नांव हजेरीपटावर असलें पाहिजे!

आपल्या आजे-पणजांची जमीन कशी गेली? नांगर त्यांच्या हातीं होता, पण दप्तर कुलकर्ण्याच्या हातीं होतें. कागदावर काय लिहिलें तें त्यांस वाचतां येत नव्हतें. जोतीरावांनीं विद्येचा आग्रह धरला तो याचसाठीं. आज दप्तर ठेकेदाराच्या हातीं आहे, एवढाच फरक.

म्हणून काम चालू आहे तोंवरच जागे व्हा. विम्याचा नंबर घ्या. फंड दरमहा भरला जातो कीं नाहीं तें शिकलेल्या मुलाकडून मोबाईलवर पाहून घ्या. पगारचिठ्ठी, ओळखपत्र, बँकेचें पुस्तक जपून ठेवा. दहा किंवा अधिक माणसें असून विमा नसेल तर तक्रार करा. घरीं बसून नगावर काम करणाऱ्या आमच्या बहिणींचें नांव तर कोणत्याच पटावर नाहीं. त्यांनीं निदान दिलेल्या मालाची व मजुरीची वही ठेवावी.

तुम्ही म्हणाल, एकट्यानें तोंड उघडलें तर उद्यां काम जाईल. खरें आहे. म्हणून एकट्यानें उघडूं नका. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणी कामगारांस एकत्र केलें, आणि १८९० सालीं आठवड्याची सुट्टी मिळविली. ती कोणा एकास नव्हे, सर्वांस मिळाली.

आपली मागणी साधी आहे. जो मालक सरकारकडे जकात मागेल, त्यानें आधीं आपला हजेरीपट दाखवावा. आणि जकात बसलीच, तर तिच्या उत्पन्नांतून त्या धंद्यांतील बेकार झालेल्यांसाठीं वांटा काढावा. आमच्या बेकारीचा पुरावा चालतो, तर आमचा वांटाहि चालला पाहिजे.

आज घरीं गेल्यावर पेटी उघडा आणि आपले कागद पाहा. जो कागद सांपडत नाहीं, तो उद्यां मालकाकडे मागा. आणि मागावयास चौघे मिळून जा.