मेल खरा की खोटा?



मी निवृत्त बँकवाला, म्हणून जिन्यात मला हमखास विचारतात, "हा बँकेचाच मेल आहे ना हो?" लोगो असतो, नाव असतं, मराठीसुद्धा हल्ली शुद्ध असते! पण लोगो कुणीही चिकटवतो. पाठवणाऱ्याचं नावही हवं ते टाकता येतं. त्या नावावर बोट ठेवा, पूर्ण पत्ता दिसेल. तो शेवटाकडून वाचा. रिझर्व्ह बँकेने बँकांच्या संकेतस्थळांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हा शेवट ठरवून दिलाय, मुदत होती ३१ ऑक्टोबर २०२५. मध्येच कुठे 'बँक' दिसलं म्हणून भुलू नका.

तरी पत्ताही बनवता येतो. म्हणून मेलमधली लिंक दाबायची नाही, त्यातला नंबरही फिरवायचा नाही. कार्डामागचा नंबर लावा, नाहीतर सरळ शाखेत जा. "आजच केवायसी करा, नाहीतर खातं बंद" म्हणणाऱ्याला तर जरूर थांबवून ठेवा. आपल्या मेंटेनन्सच्या नोटिशीलाही मुदत असते!

आणि पैसे गेलेच, तर मुलं रागावतील म्हणून लपवू नका. ताबडतोब १९३० लावा. लवकर कळलं तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येते. फोन लावायला जमत नसेल तर माझी बेल वाजवा, रात्री दोनलासुद्धा.