बोनसची अडलेली वाट



संगणकाची विद्या आम्ही कॉलेजात शिकलो नाही, भांडण्यापुरती शिकलो. एका कारखान्यात वर्षभर राबलेल्या कामगाराच्या हाती बोनसऐवजी चिठ्ठी पडली : 'दिवस कमी'. 1965 च्या बोनस कायद्याची अट वर्षात 30 दिवस कामाची होती. याचे भरले होते पावणेतीनशे. तीन आठवडे आम्ही हजेरीपट उलटीत बसलो. हजेरी चोख निघाली!

शेवटी प्रोग्रॅम मागितला. त्यात अटीच्या पोटात अट. दिवस 30 भरले काय? भरले असल्यास, पगार महिना 21,000 च्या आत आहे काय? असल्यास बोनस द्या. आणि खाली, पहिल्या अटीच्या रेषेत, 'नाहीतर : दिवस कमी'. वाचणाऱ्याला वाटावे, हे 'नाहीतर' पहिल्या अटीचे. पण सी भाषेत महिरपी कंस घातले नाहीत, तर 'नाहीतर' सर्वांत जवळच्या मोकळ्या अटीला चिकटते. ओळ कुठून सुरू केली, याला यंत्र किंमत देत नाही. म्हणजे पगारावर अडलेल्याला दिवसांचे कारण मिळे, आणि ज्याचे दिवस खरोखरच कमी, त्याला कारणच नाही!

कंस घालून हे भागले असते. पण तिथली प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी म्हणाली, "काका, नकार दारातच सांगू." दिवस कमी? कारण लिहा, परत फिरा. पगार जास्त? कारण लिहा, परत फिरा. दोन्ही दारे ओलांडील त्याचा बोनस काढा. पोटात पोट राहिलेच नाही.

मधूनच परतण्यावर काही जाणते नाक मुरडतात. एडस्गर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने 1968 साली 'गोटू' या उडी मारणाऱ्या आज्ञेविरुद्ध पत्र छापले, त्याचा हवाला देतात. परंतु 'गोटू' कुठेही नेऊन टाकते. 'रिटर्न' बोलावणाऱ्याकडेच परत नेते. एक आक्षेप मात्र खरा : मधून परतताना उघडलेली फाइल मिटायची राहते. त्या मुलीने फाइल उघडणेच नकारांच्या खाली नेले.

चिठ्ठी पुन्हा छापली. आता तीवर होते 'पगार मर्यादेबाहेर'. तासाभरात सापडले : पगारात ओव्हरटाइम मिळवला होता, आणि कायद्याने तो धरायचा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेब घेऊन आम्ही व्यवस्थापकांच्या दारात उभे होतो.