गाडीची चाळणी: तेलाची की कोरडी?

आज आम्ही चाळणीची गोष्ट सांगणार आहोत. पिठाच्या नव्हे, गाडीच्या चाळणीची. तिला गॅरेजमध्ये एअर फिल्टर म्हणतात.

आमच्या बचत गटाने कर्ज काढून जुनी सात सीटांची डिझेल गाडी घेतली. चटण्या, पापड घेऊन आम्ही माण तालुक्यातून फलटणला जातो. चौघीजणी आळीपाळीने गाडी चालवतात. आमच्याकडची धूळ तुम्हाला सांगायला नको. घरी पोचेपर्यंत पदराचा रंग ओळखू येत नाही. इंजिनालाही तीच हवा ओढावी लागते. एक लिटर पेट्रोल नीट जळायला साधारण ११ किलो, म्हणजे सुमारे ९,००० लिटर हवा लागते. डिझेलचं इंजिन तर त्याहून जास्त हवा घेतं. त्यातली बारीक माती आत गेली, की पिस्टनच्या रिंगा पाट्यावर घासल्यासारख्या झिजतात.

गाडीला कंपनीचा कोरडा, कागदाच्या घड्यांचा फिल्टर होता. तो खराब झाला की बदलायचा. हिशेबाच्या वहीत तो खर्च आम्हाला खुपायचा. दुकानात कळलं, की सुती जाळीचा, तेल लावलेला फिल्टर मिळतो. धुवायचा, वाळवायचा, तेल लावायचा आणि पुन्हा बसवायचा. किंमत आठ-दहा कागदी फिल्टरांएवढी, पण वर्षानुवर्षं चालणारा. घरचे म्हणाले, "जुन्या ट्रॅक्टरलाही तेलाचाच असतो की!" आम्ही घेतला.

पहिल्यांदा धुतल्यावर आम्ही त्याला भरपूर तेल पाजलं. जास्त तेल म्हणजे जास्त धूळ धरणार, असा आमचा हिशेब. पंधरा दिवसांनी फलटणहून परतताना मोगराळे घाटात गाडीने मान टाकली. ओढच नाही. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागलेला. सातजणी अंधारात रस्त्याच्या कडेला बसलो. त्या दिवशी गाडी चालवणारीवर आम्ही सगळ्यांनी तोंडसुख घेतलं. "तूच गिअर चुकीचा टाकतेस," म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिने गाडीची चावी आणून टेबलावर ठेवली.

मिस्त्रींनी फिल्टरच्या पुढची नळी काढून दाखवली. आत किती हवा येते हे मोजणारा सेन्सर असतो, त्यावर तेलाचा थर. "ताई, ट्रॅक्टरचं तेल खाली वाटीत असतं आणि जुन्या ट्रॅक्टरला हा सेन्सरही नसतो. इथलं जादा तेल हवेबरोबर पुढं गेलं. मोजणाराच आंधळा झाला, तर इंजिन काय करणार?" खास स्प्रे मारून त्यांनी सेन्सर साफ केला आणि गाडी पूर्वीसारखी ओढायला लागली.

मग आम्ही दोन्ही फिल्टर समोर ठेवून समजून घेतलं. तेलकट हाताला पीठ चिकटतं, तशी तेलाच्या जाळीला धूळ चिकटते. तेल कमी पडलं तर धूळ आत जाते, जास्त झालं तर सेन्सरवर. ते मापात लावायचं, जाळी सावलीत पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं. ज्या घरात गाडी एकाच्याच हातात आहे आणि तो हात नेटका आहे, तिथे हा फिल्टर चालतो. कागदी फिल्टर वस्त्रगाळासारखा असतो. वर थोडी धूळ बसली की तो उलट जास्त बारीक गाळतो. मात्र फार भरला की इंजिनाचा श्वास कोंडतो, ओढ कमी होते आणि डिझेल गाडी काळा धूर सोडते.

आमच्याकडे हात चार, वेळ कुणालाच नाही. म्हणून आम्ही पुन्हा कोरड्यावर आलो. आता नियम असे आहेत. पुस्तकात लिहिलेल्या अंतराच्या निम्म्यावरच फिल्टर उघडून बघायचा. हलक्या हाताने आपटून सुटी माती झाडायची. आतून बॅटरी लावून बघायची, कुठे भोक दिसलं किंवा कडेचं रबर फाटलं असलं, तर लगेच नवा घ्यायचा. डबा ओल्या फडक्याने पुसायचा, मातीचा कण इंजिनाच्या बाजूला पडू द्यायचा नाही. कागदाला पाणी नाही, तेल नाही, जोराची हवाही नाही, कारण त्याने कागद फाटतो आणि फाटलेला डोळ्यांना दिसत नाही. आणि फिल्टरशिवाय गाडी गावातल्या गावातही काढायची नाही. काय केलं ते तारीख घालून वहीत लिहायचं.

त्याच वहीत एक ओळ आम्ही सगळ्यांनी मिळून लिहिली: घाटात चूक चालवणारीची नव्हती, गटाची होती. ती वही घेऊन आम्ही तिच्या घरी गेलो. तिने चहा टाकला, आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, "पुढच्या वेळी आधी बॉनेट उघडा, मग तोंड."

चावी परत तिच्याकडे आहे. येत्या बाजाराला गाडी तीच नेणार आहे.